आकडा दहा पावलांवर सोडतो : ठाण्याजवळच्या येऊरच्या रानातलं जिओकॅशिंग

"कॅश शोधायला येऊरला चाललोय," माझ्या भाच्याने, ईशानने, खाली वॉचमनकाकांना सांगून टाकलं. काका एकदम गंभीर झाले. "किती पडली?"

चूक त्यांची नाही. पैशांची कॅश आणि लपवलेल्या वस्तूची कॅश मराठीत लिहायला एकच आणि ऐकायलाही एकच. ही दुसरी फ्रेंचमधून आलेली. उत्तर अमेरिकेच्या रानांत हिंडणारे फ्रेंच शिकारी परतीच्या वाटेसाठी शिधा लपवून ठेवत, त्या साठ्याला हे नाव होतं. गोंधळ नको म्हणून यापुढे मी त्याला सरळ डबा म्हणणार आहे. लहानपणी डबा ऐसपैस खेळलेल्यांना तो शब्द जवळचाही वाटेल.

खेळ असा. कुणीतरी पाणी न शिरणारा छोटा डबा कुठेतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपतो आणि इंटरनेटवर जाहीर करतो. बाकीचे फोन घेऊन निघतात. डब्यात एक वही असते, सापडला की तिच्यात नाव नि तारीख लिहायची. सोबत एखादी किरकोळ वस्तू असते, शंख, बॅज, खेळण्यातली गाडी. ती घेतलीत तर तेवढ्याच तोलाची दुसरी ठेवायची. मग डबा होता तिथे, होता तसा परत. बक्षीस काही नाही. गुप्तधन दिसायला माणूस पायाळू लागतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत. इथे कुणीही चालतो, फक्त धन मिळत नाही.

मग लोक हे करतात कशासाठी? माझ्या मते, आकडा आणि जमीन यांच्यामधलं जे थोडंसं अंतर उरतं ना, त्यासाठी. आकडा तुम्हाला झाडापर्यंत नेत नाही, झाडाच्या आसपास नेतो आणि तिथे सोडून देतो. पुढची दहा पावलं तुमची. हे असं का होतं, ते समजलं की खेळ समजला.

सुरुवात मे २००० ची. त्याआधी जीपीएसचे उपग्रह वर होतेच, पण नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात अमेरिकी लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ती भेसळ बंद करायची घोषणा १ मे रोजी केली आणि जगभरचे जीपीएस एका रात्रीत शहाणे झाले. ३ मे रोजी ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवरच्या एका चर्चागटात टाकले. बादलीत इतर सटरफटर वस्तूंबरोबर एक बेचकी होती आणि घेवड्याचा एक सीलबंद डबाही. तीन दिवसांत ती दोघांना सापडली. महिना संपायच्या आत मॅट स्टम यांनी या प्रकाराला जिओकॅशिंग हे नाव सुचवलं, आणि सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी त्याचं संकेतस्थळ सुरू केलं. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. एक तर आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात आहे, २००८ साली अवकाश पर्यटक रिचर्ड गॅरियट यांनी तिथे नोंदवलेला. त्याच्यासाठी येऊरची बस उपयोगाची नाही.

त्या शंभर मीटरांचं महत्त्व आपल्या मापात बघा. चूक शंभर मीटरची असेल, तर हुडकायचं वर्तुळ होतं पावणेआठ एकरांचं. दहा मीटरची असेल, तर तीन गुंठ्यांचं. आणि पाच मीटरची असेल, म्हणजे मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची साधारण असते तेवढी, तर पाऊण गुंठा. पावणेआठ एकर रानात डबा शोधणं ही शिक्षा झाली. पाऊण गुंठ्यात शोधणं हा खेळ झाला.

खजिना अरबी समुद्रात

डब्याचा पत्ता बहुतेकदा असा लिहिलेला असतो: उत्तर १९° १४.१२३′, पूर्व ७२° ५६.४५६′. पहिला आकडा विषुववृत्तापासून किती वर, दुसरा ग्रिनिचपासून किती पूर्वेला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट, म्हणजे १.८५ किलोमीटर. हे घड्याळातलं मिनिट नव्हे, पण साठाचा हिशोब तोच. मिनिटाच्या दशांशातला शेवटचा, हजारांशाचा आकडा एकाने बदलला तर जागा जेमतेम पावणेदोन-दोन मीटर सरकते. म्हणजे संपूर्ण पृथ्वीवरून तुम्हाला एका सतरंजीवर आणून बसवायला एवढे थोडे आकडे पुरतात. मला याचं अजून नवल वाटतं.

निघायच्या आदल्या रात्री ईशानने सरावासाठी हेच आकडे फोनमध्ये टाकले आणि ओरडला, "मावशी, खजिना समुद्रात आहे!" त्याने मधलं अंशाचं चिन्ह गाळून १९.१४१२३ आणि ७२.५६४५६ असं लिहिलं होतं. फोनने ते 'एकोणीस पूर्णांक इतके अंश' असं वाचलं. आपण लिहिले होते एकोणीस अंश आणि वर चौदा मिनिटं. साडेपाच तास आणि पाच पूर्णांक पाच तास यांत गफलत झाली तर चालून जातं, कारण ती दोन्ही एकच आहेत. पण पाच तास पाच मिनिटं वेगळी. तीच गंमत इथे. येऊरचा बिंदू चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला घसरला आणि वर्सोव्याच्याही पलीकडे अरबी समुद्रात जाऊन पडला. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि दोन्ही आकडे दिसायला इतके सारखे की बराच वेळ कळत नाही. जागा ओळखीची असली की निदान हसू तरी येतं.

वीज आणि गडगडाट

फोनला आपण कुठे आहोत हे कळतं कसं? बहुतेकांना वाटतं, फोन उपग्रहाला विचारतो आणि उपग्रह सांगतो. तसं अजिबात नाही. फोन फक्त ऐकतो. उपग्रहाला तो कोण, कुठला, काही ठाऊक नसतं. (उपग्रहाशी उलट बोलणारी यंत्रं, म्हणजे सॅटेलाइट फोन किंवा परदेशी गिर्यारोहक वापरतात ते संदेश पाठवणारे पेजरसारखे डबडे, आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाने हौसेने आणून दिलं तरी नको.)

पावसाळ्यात वीज चमकली की आपण आकडे मोजतो. गडगडाट ऐकू यायला तीन सेकंद लागले तर वीज एक किलोमीटरवर, सहा लागले तर दोनावर. वीज कधी चमकली ते माहीत, आवाज कधी पोचला ते माहीत, म्हणून अंतर माहीत. जीपीएसचा उपग्रह हेच करतो. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून तो सतत सांगत असतो: मी अमुक क्रमांकाचा, आत्ता अमुक जागी, आणि आत्ता वाजलेत इतके. तो संदेश फोनपर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. त्या उशिरावरून अंतर निघतं.

आता समजा, मी तुम्हाला फोनवर सांगितलं की मी ठाण्यातल्या उपवन तळ्यापासून दोन किलोमीटरवर आहे. तुम्ही नकाशावर तळ्याभोवती वर्तुळ काढाल. माजिवड्यापासून चार किलोमीटर म्हटलं की दुसरं वर्तुळ, आणि दोन्ही छेदतात फक्त दोन ठिकाणी. ठाणे स्टेशनपासूनचं अंतर सांगितलं की त्यातलं एक उरतं. वरती वर्तुळांऐवजी गोल असतात, एवढाच फरक. तीन उपग्रहांत काम व्हायला हवं, पण लागतात चार. का? कारण फोनचं घड्याळ स्वस्तातलं आहे. प्रकाश एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात तीनशे मीटर जातो, म्हणजे घड्याळ तेवढंसंच चुकलं तरी अंतर तीनशे मीटरनी चुकणार. उपग्रहावर अणुघड्याळं आहेत, आपल्या खिशात नाहीत. मग चौथ्या उपग्रहाच्या मदतीने फोन स्वतःच्या घड्याळाची चूकही गणितात शोधून काढतो. हल्लीचे फोन अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बेइदू आणि अनेक फोन आपल्या इस्रोचा नाविकही ऐकतात. साक्षीदार जितके जास्त, तितकं बरं.

आणि आता रान. उपग्रहाची प्रक्षेपणशक्ती घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या आसपासची. तो बल्ब वीस हजार किलोमीटरवर. जमिनीवर पोचेपर्यंत त्यातलं जे उरतं ते एका वॅटच्या कोटीव्या भागाचा कोटीवा भाग, आणि पुन्हा त्याचा शंभरावा. एवढ्या क्षीण लहरीला पान आडवं आलं की काय होणार! पानात पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. ओलं पान त्याहून जास्त. खोडांवर आणि कातळांवर आपटून आलेला संदेश लांबच्या वाटेने येतो, उशिरा पोचतो, आणि फोन समजतो उपग्रह लांब आहे. डोंगराच्या कुशीत उभे असाल तर अर्धं आकाश झाकलेलं, सगळे साक्षीदार एकाच बाजूचे. मग फोनवरचा डब्याची दिशा दाखवणारा बाण कधी उजवीकडे, कधी मागे फिरायला लागतो. फोन बिघडलेला नसतो.

यावर थोडे उपाय आहेत. येऊरच्या गेटबाहेर, मोकळ्या आभाळाखाली, नेटवर्क असतानाच फोनला जागा सापडू द्यावी आणि नकाशा आधी उतरवून ठेवावा. उपग्रहांची माहिती वरून सेकंदाला ५० बिट इतक्या मुंगीच्या चालीने येते. एका उपग्रहाचा ठावठिकाणा कळायलाच अर्धं मिनिट, सगळ्यांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. एरवी ही माहिती मोबाइलचं नेटवर्क चटकन पुरवतं, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. शिवाय बाण नाचू लागला की त्याच्यामागे नाचू नये. थांबावं, मिनिटभर आकडा स्थिरावू द्यावा, वेगळ्या दिशेने परत चालत यावं. दोन-तीन दिशांनी येऊन बाण जिथे जिथे थांबतो, त्यांच्या मधली जागा धरावी. आणि मग फोन खिशात. शेवटच्या दहा पावलांत फोन बघत राहणारा माणूस डब्यावर पाय देऊन पुढे जातो.

डबा नको

येऊरची बाजू संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, आणि रान सुरू झालं की ते उद्यानच. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं हे रान मुंबई आणि ठाणे दोघांच्या कुशीत आहे आणि त्यात बिबटे राहतात. इथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. परवानगीशिवाय आत शिरणं आणि आत कचरा टाकणं, दोन्हीला मनाई. तुमचा डबा तुमच्या लेखी खजिना असेल, वनरक्षकाच्या लेखी प्लास्टिक. माकडाच्या लेखी न उघडलेलं जेवण. माझं मत विचाराल तर वनरक्षक आणि माकड दोघांचं बरोबर आहे. खुद्द खेळाचे नियमही सांगतात की जागेच्या मालकाची परवानगी हवी, खड्डा खणू नये आणि डब्यात खाऊ ठेवू नये.

डोंगरावर हवाई दलाचा तळही आहे. अशा परिसराच्या आसपास हातात यंत्र घेऊन झुडपांत वाकून काही शोधणाऱ्या माणसाला लोक खेळाडू समजतील, अशी आशा करू नका. रेल्वे स्टेशनवर दर काही मिनिटांनी बेवारस वस्तूला हात लावू नका असं ऐकत मोठे झालेले आपण लोक. इंग्लंडात वेदरबी या गावी २०११ साली असाच एक निरुपद्रवी डबा बॉम्ब समजून पथकाने उडवला होता. खराखुरा डबा ठेवायचाच असेल तर आपल्या सोसायटीच्या बागेत, सेक्रेटरींना सांगून ठेवा. आत पेनऐवजी पेन्सिल ठेवा, कारण आपल्या पावसात शाई टिकत नाही.

पण या खेळात बिनडब्याचे प्रकारही आहेत. काहींत त्या जागी जाऊनच कळेल अशा प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. २००४ पासून खडक, झरे, भूरूपं बघायला लावणारा प्रकारही सुरू आहे, त्याला अर्थकॅश म्हणतात. अर्थ म्हणजे पृथ्वी, पुन्हा पैशाशी संबंध नाही. मी दिवाळीनंतरच्या एका रविवारी ईशान आणि रेवा या भाच्यांसाठी असाच एक माग रचला. चार जागा, सगळ्या वहिवाटीच्या वाटेवरून दिसणाऱ्या. नियम एकच: बाण रानात बोट दाखवू दे, पाय वाटेवरच. वेळ सकाळी उजाडल्यानंतरची, गेटवर विचारून. जांभूळपाडा असो की आणखी कुठला, पाडा लागला की आवाज खाली, ती लोकांची घरं आहेत.

पहिल्या जागेचा प्रश्न: इथल्या झाडाच्या एका देठावर पानं किती? रेवाने न बघताच सांगितलं असतं, कारण म्हणच आहे, पळसाला पानं तीनच. पण पळस कुठला ते आधी ओळखायचं होतं. बाणाने तीन झाडांमधली जागा दाखवली, पळस त्यांतला एक. उत्तर तीन, ते पुढच्या जागेच्या पत्त्यात मोकळ्या सोडलेल्या आकड्याच्या जागी भरायचं. दुसऱ्या जागी कुडा, त्याच्या लांब शेंगा जोडीने लोंबतात. उत्तर दोन. इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते.

तिसऱ्या जागी काटेसावर. खोडावरचे शंकूसारखे काटे बघून दोघांनी ती लगेच ओळखली. प्रश्न होता, हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या पानात पर्णिका किती. ईशान म्हणाला पाच. रेवा म्हणाली सात. मी दोघांची पानं बघितली, आणि दोघंही बरोबर होते. सावरीला पाचही असतात, सातही, एकाच फांदीवर. त्यात मी तो आकडा ठेवला होता मिनिटाच्या पहिल्या दशांशस्थानी. शेवटच्या, हजारांशाच्या जागी ठेवला असता तर दोनाच्या फरकाने जागा चारेक मीटर सरकली असती, कुणाला कळलंही नसतं. पहिल्या जागी तोच फरक ३७० मीटरचा. ईशानचा बाण वाटेकडे, रेवाचा सरळ उत्तरेला, रान भेदून.

"मग आता कुणाचं ऐकायचं?" रेवाने विचारलं.

"वाटेचं," ईशान म्हणाला. मला ते उत्तर सुचलं नव्हतं.

चौथ्या जागी उत्तर आकड्यात नव्हतं, झाड फक्त वर्णनावरून ओळखायचं होतं: मगरीच्या पाठीसारखी साल. तो ऐन. बाण बारा मीटर अलीकडेच अडकून राहिला, अॅप 'पोचलात' म्हणायला तयार नाही, आणि ऐन समोर उभा. ईशानला यंत्राची बाजू सोडवेना. "पण फोन म्हणतोय अजून पुढे आहे." मग वर बघितल्यावर त्याला कळलं. डोक्यावर पानांचं अखंड छप्पर.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, त्याच जागा, तेच आकडे. येऊरचं रान पानगळीचं. पळस पानं टाकून केशरी झालेला, सावर लालभडक, फांद्यांतून आभाळ दिसत होतं. त्या ऐनाजवळ आता अंतर आलं पाच मीटर. फोन तोच होता. जिओकॅशिंगसाठी ठाण्यात सगळ्यात चांगला महिना कुठला, याचं उत्तर मला तंत्रज्ञानाच्या लेखांत सापडलं नव्हतं, ते होळीच्या आधीच्या या रानाने दिलं. फोटो काढताना मात्र एक सांभाळा. फोन प्रत्येक फोटोत जागेचे आकडे गुपचूप लिहितो. घरटं, घुबडाची ढोली, बिबट्याच्या पायाचा ठसा, यांचे फोटो जागेसकट गटागटांत फिरले तर तिथे काय गर्दी होईल ते सांगायला नको. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं.

गेल्या आठवड्यात रेवाने ऐरोलीहून मला एक संदेश पाठवला. नुसते आकडे, अंशाच्या पाच दशांश स्थळांपर्यंत. मी बिल्डिंगखाली उतरून फोन धरला, तर बाण आमच्याच बिल्डिंगकडे. वर आले, तर तो घरभर फिरायला लागला. काँक्रीटखाली उपग्रह जवळजवळ ऐकूच येत नाहीत. उंचीचा अंदाज तर मोकळ्यावरही जास्त चुकतो, कारण सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही. म्हणजे सातातला कुठला मजला हे आकड्यांवरून कळणं अशक्य. मी तिला फोन केला. "पुढची खूण दे."

"मावशी, दहा पावलं. फोन ठेव आणि शोध."

ती रविवारी येऊन गेली होती आणि बराच वेळ स्वयंपाकघरात होती, हे मला जरा उशिरा आठवलं. तुरीच्या डाळीच्या डब्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी निघाली. तीवर तारीख, तिची सही, आणि खाली माझ्या सहीसाठी एक मोकळी रेघ. पेन्सिलही ठेवली होती, डाळीत खोचून.